तेविसावा दगड

फोटोबाईला गाडीत पुढचीच सीट लागे. ती मिळाली नाही तर जो कोणी तिथे बसला असेल त्याचा दिवस ती खराब करून सोडी. वरच्या गावाहून निघालेली जीप सकाळी पावणेसातला किलोमीटरच्या तेविसाव्या दगडापाशी थांबायची. फोटोबाई पुढचं दार उघडून नुसती उभी राहायची, आणि आत बसलेला बँकेचा कॅशियर डबा, छत्री आणि मफलर सावरत मुकाट्याने मागे जायचा. पहिल्याच वर्षी त्याने एकदा जोर करून पाहिला होता. "जो आधी चढेल त्याची सीट," तो म्हणाला होता. फोटोबाई त्याच्या मागे जाऊन बसली आणि सोळाव्या दगडाच्या वळणावर त्याच्या इस्त्रीच्या कॉलरमध्ये ओकली. त्यानंतर अठरा वर्षं त्या सीटचा विषय कोणी काढला नाही.

फोटोबाई हे नाव तिला पेशंटांनी दिलं होतं. खालच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात ती एक्स-रे काढायची. हाडांचे फोटो काढणारी बाई, म्हणून फोटोबाई. "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका," हे तीन हुकूम ती अशा आवाजात सोडायची की धडधाकट माणूससुद्धा आपलं काहीतरी मोडलंय असं समजून गप पडून राही. नवे डॉक्टर तिला वचकून असत, जुने तिच्या वाटेला जात नसत. बाईचं डोकं कायम फिरलेलं असतं, असं लोक म्हणत. ते खरंच होतं. पण रोज दीड तास घाट उतरायचा आणि दीड तास चढायचा, तोही पोटातलं सगळं घशाशी धरून, म्हणजे डोकं कुठे ठिकाणावर राहतं, हे त्या म्हणणाऱ्यांनी एक आठवडा करून बघायला हवं होतं.

तिच्या नवऱ्याबद्दल मात्र कोणी वाकडा शब्द काढत नसे. तो वरच्या गावात रस्ते खात्यात ओव्हरसियर होता. मऊ बोलणारा, वेळेवर येणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एवढ्या तापट बाईबरोबर याने संसार कसा रेटला, म्हणून शेजारीपाजारी त्याच्याकडे जरा कौतुकाने बघत. त्यालाही ते माहीत होतं. कोणी तसं बोललं की तो हलकंसं हसायचा आणि "चालायचंच," म्हणायचा. त्या 'चालायचंच'ने फोटोबाईच्या डोक्यात तिडीक जायची.

लग्न झालं तेव्हा दोघांच्या नोकऱ्या घाटाच्या दोन टोकांना होत्या आणि दोघांच्याही सुटण्यासारख्या नव्हत्या. घर कुठे करायचं यावरून पंधरा दिवस भांडण चाललं. ती म्हणे खाली, तो म्हणे वर. सोळाव्या दिवशी तो एक कागद घेऊन आला. त्यावर त्याने पट्टी लावून एक सरळ रेघ मारली होती, एका टोकाला शून्य, दुसऱ्याला सेहेचाळीस.

"खालच्या गावापासून वरच्या गावापर्यंत सेहेचाळीस किलोमीटर," तो म्हणाला. "घर तेविसाव्या दगडापाशी करायचं. तुला तेवीस, मला तेवीस. मधोमध. कोणी कोणावर वरचढ नाही."

फोटोबाईला भरून आलं. तिच्या माहेरी वडिलांची जिथे बदली होई तिथे आई ट्रंका उचलून मागे जाई, तिला विचारलंही जात नसे. आणि इथे हा माणूस पट्टीने रेघ मारून निम्मं निम्मं करत होता. तरी तिने एकदा सुचवून पाहिलं, की एकोणिसाव्या दगडापाशी चांगली सपाट जागा आहे, पाण्याचा झरा आहे, शाळा आहे, दोन दुकानं आहेत, तिथे बघूया का? त्याने कागद तिच्यापुढे सरकवला.

"एकोणीस म्हणजे तुला एकोणीस आणि मला सत्तावीस. तूच सांग, हा न्याय झाला का?"

तिला आपली आपल्यालाच लाज वाटली.

तेविसाव्या दगडाची जागा दाखवायला तो तिला खात्याच्या जीपमधून खालून वर घेऊन गेला. तिला गाडी लागते हे त्याला ठाऊक होतं. नवीन लग्न होतं, तेव्हा तिने एकदा सगळं सांगून टाकलं होतं: बाराव्या दगडापासून सतराव्यापर्यंतची वळणं तिला बघवत नाहीत, तेवढा वेळ ती डोळे घट्ट मिटून बसते, सतराव्या दगडाजवळच्या टपरीच्या चहाचा वास आला की उघडते. त्या दिवशी बारावा दगड आला तसा तो स्वतःच म्हणाला, "मीट डोळे. टेक डोकं माझ्या खांद्यावर. वर आलं की मी उठवतो." त्याच्या खांद्याला खडूचा आणि डांबराचा वास येत होता. पुढे इतकी भांडणं झाली, इतके अबोले झाले, पण माणूस मुळात वाईट नाही असं स्वतःला समजावायची पाळी आली की फोटोबाई तो खांदा आठवायची. तिच्याकडे त्याच्या चांगुलपणाचा तेवढाच एक पुरावा होता आणि तिने तो एकोणीस वर्षं जपला.

घर झालं. तेविसाव्या दगडापासून वर सगळं पठार. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना गवत. ओव्हरसियर साडेनऊला स्कूटरवर बसे आणि दहाला ऑफिसात असे. संध्याकाळी साडेपाचला घरी. फोटोबाई अंधुक उजेडात निघे आणि साडेसातला, हिरवट तोंडाने, एका हातात पिळलेलं लिंबू घेऊन परत येई. माझ्याच वाट्याला तीन तास का, असं तिने विचारलं नाही असं नाही. वर्षातून चारदा विचारायची. त्याचं उत्तर ठरलेलं असे.

"घाट मी नाही बांधला. वेळ घाटाच्या हातात आहे, अंतर आपल्या हातात होतं. ते आपण निम्मं केलं. आता आणखी काय करू?"

भांडण करायचं तर समोरच्याची चूक लागते, आणि तो नेहमी बरोबरच असे.

मुलगी झाली. साडेपाचला घरी येणाऱ्या बापाने तिच्या वेण्या घातल्या, तिचे पाढे घेतले, तिला ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवल्या. साडेसातला येणाऱ्या आईने दारातून "अभ्यास झाला का?" एवढं विचारलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. शिक्षणासाठी लांबच्या शहरात निघाली तेव्हा मुलगी घरी जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाली, "मला बाबांनीच वाढवलंय." तिच्या बोलण्यात द्वेष नव्हता. तिने आपली खरी गोष्ट सांगितली. ओव्हरसियर हलकंसं हसला. फोटोबाई रिकामे कप उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दवाखान्याच्या आवारात कर्मचाऱ्यांसाठी सहा क्वार्टर्स होत्या. दोन खोल्या, मागे ओटा, एक्स-रेच्या खोलीपासून मोजून नव्वद पावलं. दोनदा तिचा नंबर लागला, एकदा मुलगी पाच वर्षांची असताना, एकदा बारा वर्षांची असताना. दोन्ही वेळा ओव्हरसियरने आवाज न चढवता एकच वाक्य म्हटलं होतं: "आपलं ठरलंय ना, मधोमध?" दोन्ही वेळा तिने किल्ली नाकारली. फोटोबाई फाटक्या तोंडाची असेल, पण दिलेला शब्द मोडणारी नव्हती, आणि ते त्याच्याइतकं चांगलं कोणाला ठाऊक नव्हतं.

आता तिसऱ्यांदा नंबर लागला होता. निवृत्तीला सहा वर्षं राहिली होती, मान दुखत होती, कंबरेला पट्टा आला होता. दवाखाना सांभाळणाऱ्या मोठ्या डॉक्टरबाईंनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं, की महिनाअखेर किल्ली घेतली नाही तर ती पुढच्याला जाईल आणि मग तुमचा नंबर काही लागायचा नाही. तिने घरी सांगितलं. ओव्हरसियर वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाला, "तू जा की. मी कोण अडवणार? फक्त ठरलेलं तू मोडलंस, एवढं लक्षात ठेव. पोरगी विचारेल तेव्हा मी खोटं नाही बोलणार."

महिना संपायला अठरा दिवस होते.

त्याच आठवड्यात जीपचा म्हातारा ड्रायव्हर घरी बसला. त्याच्या जीपचा किलोमीटरचा आकडा कधीकाळी अडकून पडला होता आणि त्याला कोणी हलवायला गेलं नव्हतं. त्याच्या जागी नवा ड्रायव्हर आला, नवी कोरी व्हॅन घेऊन. व्हॅनच्या काचेवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा त्याने काढला नव्हता. गाडी नवी म्हणून तो दर टप्प्याला मीटर शून्यावर आणी आणि ॲव्हरेज काढत बसे. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी त्याने सहज विचारलं,

"बाई, तुमचं घर एकतिसाव्या दगडापाशी आहे का हो?"

"तेविसाव्या. दगड दारातच आहे, दिसत नाही का?"

"नाही, मीटर एकतीस दाखवतोय. म्हणून म्हटलं."

"मग मीटर बिघडलाय तुझा."

नव्या ड्रायव्हरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "शोरूममधून आणून आठ दिवस झालेत, बाई. दगड बिघडला असेल."

दगड कसा बिघडेल, असं पुटपुटत ती आत गेली. पण दिवसभर ते तिच्या डोक्यातून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या सीटवर बसली, मीटर शून्यावर आणायला लावला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या पट्ट्यात डोळे उघडे ठेवले. सतरा गेला. सोळा गेला. पंधरा गेला. मग रस्ता एका खोल दरीच्या कडेकडेने आत वळला, वळतच राहिला, दरीच्या पार टोकाला जाऊन पलीकडच्या कडेने परत आला. समोरच्या बाजूला झाडीतून एका मोडक्या पुलाचे दोन खांब दिसत होते. फोटोबाई दोनदा गाडी थांबवायला लावून रस्त्याच्या कडेला ओकली. पंचवीस मिनिटांनी चौदावा दगड आला. मीटरवर मधले नऊ किलोमीटर वाढले होते.

तिने तोंड पुसून मागे वळून पाहिलं. "हे काय आहे?"

"हा?" कॅशियर म्हणाला. "हा लांबडा किलोमीटर. पूल पडला ना फार मागे, तेव्हा रस्ता दरीला वळसा घालून काढला. दगड होते तिथेच राहिले. सगळ्यांना माहीत आहे."

"मला नाही माहीत."

"तुम्ही डोळे मिटलेल्या असता," कॅशियर म्हणाला, आणि मग आपण पुढच्या सीटवाल्या बाईशी बोलतोय हे आठवून खिडकीबाहेर बघू लागला.

पहिल्यांदा तिला वाटलं, नवऱ्यालाही माहीत नसेल. असं वाटावं म्हणून तिने दिवसभर धडपड केली. रस्ते खात्यात असला म्हणून काय झालं, त्याचा भाग वरचा, पठाराचा. खाली त्याला कशाला यावं लागतंय? खाली कधी आलाच तर खात्याच्या जीपमधून, पुढे बसून, साहेबाशी गप्पा मारत. असेल चुकून झालेलं. बिचाऱ्याने कागदावर रेघ मारली, कागद खोटा निघाला. संध्याकाळी घरी जाऊन सांगावं आणि दोघांनी मिळून डोक्याला हात लावावा, इथपर्यंत तिची तयारी झाली होती.

दुपारी रस्त्याच्या गँगमधला एक म्हातारा मजूर मनगट धरून आला. पहारीवरून हात निसटला होता. तिने त्याचा हात प्लेटवर ठेवला, आणि मिटल्या तोंडाने काम करायची सवय असूनही विचारलं, "चौदा ते पंधरा एवढं लांब कसं हो, मामा?"

म्हाताऱ्याची कळी खुलली. कोणीतरी त्याच्या रस्त्याबद्दल विचारत होतं. "मीच होतो की त्या कामावर. पूल पडला, घाईघाईने रस्ता काढला. तात्पुरता म्हणून. अजून तात्पुरताच आहे," तो हसला. "मी म्हणालो होतो साहेबांना, दगड पुन्हा लावून घेऊ, लोकांची फसगत होईल. साहेब म्हणाले—"

"हलू नका," फोटोबाई म्हणाली आणि आत जाऊन बटण दाबलं. बाहेर आली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "कोण साहेब?"

"तुमचेच की! तेव्हा खालचा भाग त्यांच्याकडेच होता. म्हणाले, तात्पुरता रस्ता आहे, कागदावर पूलच राहू दे. पण मोजला त्यांनी नीट हं. माणूस पक्का. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या हातात, चार दिवस लागले. नऊ किलोमीटर आणि वर दोनशे दहा मीटर. मी विसरायचो नाही. आणि वर्षभरात तुमचं लग्न झालं. आम्ही पेढे... काय ते, गोड खाल्लं होतं."

फोटोबाईने त्याच्या मनगटाचा फोटो काढला, हाड तडकलंय म्हणून सांगितलं, त्याला प्लास्टरच्या खोलीपर्यंत स्वतः पोचवून आली. मग एक्स-रेच्या खोलीचं दार लावलं, बाहेरचा लाल दिवा पेटता ठेवला आणि स्टुलावर बसली. लाल दिवा असला की कोणी आत येत नाही. बाहेर तीन पेशंट खोळंबले होते. खोळंबू देत.

पूल आठवला नाही तिला, दगड आठवले नाहीत. खांदा आठवला. "मीट डोळे. वर आलं की उठवतो." तिने स्वतः होऊन, लाडात येऊन सांगितलेली गोष्ट त्याने ऐकून घेतली होती, नीट लक्षात ठेवली होती आणि कामाला लावली होती. जगात एवढी वळणं असताना त्याने बरोबर तेच वळण निवडलं होतं जिथे त्याच्या बायकोचे डोळे मिटलेले असतात.

त्या दिवशी घरी जाऊन ती काही बोलली नाही. गाडीतही उभ्या जन्मात बसली नव्हती एवढी गप बसली होती ती, नवा ड्रायव्हर घाबरून गाडी हळू चालवत होता. ती रविवारची वाट बघत होती.

रविवारी सकाळी ओव्हरसियर दगड रंगवत होता. हा त्याचा वर्षातून एकदाचा छंद. तेविसावा दगड त्यांच्या कुंपणालगतच होता. खात्याच्या माणसांनी फासलेला रंग त्याला पसंत नसे, म्हणून तो स्वतः बारीक ब्रश घेऊन बसायचा. पाटावर बैठक, शेजारी काळ्या रंगाचं डबडं. दोनाचा आकडा झाला होता, तिनाची शेपटी चालली होती. फोटोबाई येऊन त्याच्या डोक्याशी उभी राहिली.

"नऊ किलोमीटर," ती म्हणाली, "आणि वर दोनशे दहा मीटर."

ब्रश थांबला. तिनाची शेपटी जाड झाली. त्याने चिंधीने ती हळूच पुसली, मग म्हणाला, "कोणी सांगितलं?"

'म्हणजे काय?' असं त्याने विचारलं असतं, नुसतं तोंडदेखलं जरी विचारलं असतं, तरी तिला थोडं बरं वाटलं असतं.

"टेपचं दुसरं टोक ज्याच्या हातात होतं त्याने."

"मी खोटं बोललो नाही," ओव्हरसियर म्हणाला. "घर तेविसाव्या दगडापाशी करू म्हणालो. तेविसाव्या दगडापाशी केलं. हा बघ दगड."

"एकोणिसाव्याला मी म्हणाले होते. एकोणीस खरा मधोमध निघतो. सत्तावीस तुम्हाला, सत्तावीस मला. हिशेब केलाय मी. तेव्हा तुम्ही मला न्याय शिकवलात."

"चार किलोमीटरचा तर फरक. चार किलोमीटरसाठी रविवारची सकाळ घालवतेस?"

"चार पावलांचा असता तरी सांगायचं होतं."

आता त्याने ब्रश डबड्यावर आडवा ठेवला आणि पहिल्यांदा वर पाहिलं. चेहरा तसाच, मऊ. "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"एवढा लांब घाट आहे कळल्यावर? खालीच घर घेऊ म्हणून हटून बसले असते."

"मग रोज मला खाली-वर करावं लागलं असतं."

"हो."

"मग?"

त्याचं ते 'मग?' अगदी प्रामाणिक होतं. त्यात चोरी सापडल्याची शरम नव्हती, राग नव्हता. एवढी साधी गोष्ट हिच्या डोक्यात कशी शिरत नाही, एवढंच त्यात होतं. दोघांपैकी एकाला त्रास होणारच होता, त्याने तो आपल्याला होऊ दिला नाही. फोटोबाईला कळून चुकलं, की या माणसाच्या पुढे आपण एकोणीस वर्षं आपल्या रागाची लाज बाळगत होतो.

"तुम्ही मला झोपवून नेलंत," ती म्हणाली.

"तुला त्रास होत होता म्हणून—"

"त्याबद्दल एक अक्षर बोलू नका." तिचा आवाज इतका खाली गेला की तो खरंच बोलला नाही. "बाकी सगळ्याबद्दल बोला. त्याबद्दल नाही."

तिने काळ्या रंगाचं डबडं पायाने लोटलं. रंग दगडाच्या पांढऱ्या अंगावरून ओघळत गेला, दोनही गेला आणि तीनही गेला. मग ती आत जाऊन ट्रंक काढायला लागली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. म्हणजे बापाने आधी लावला होता हे उघड होतं.

"आई, बाबा सांगत होते. चार-आठ किलोमीटरसाठी तू घर सोडून चाललीस? या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील बाईचं डोकं फिरलंय. ते आधीपासूनच म्हणतात." फोटोबाई ट्रंकेवर बसली. "तू शिकलेली आहेस, एक गणित घालते. जाताना पंचवीस मिनिटं, येताना पंचवीस. वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस. एकोणीस वर्षं. किती होतात?"

मुलगी फोनवरच आकडे दाबत असावी. "चार हजार चारशे... म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी दिवस."

"सहा महिने. चोवीस तास धरून सहा महिने मी अशा एका किलोमीटरमध्ये होते जो कागदावर नाहीच. तुझ्या वेण्या कोणी घातल्या हे तू सगळ्यांना सांगितलंस, बरोबरच सांगितलंस. मी कुठे होते ते मला आत्ता कळलं, म्हणून सांगते."

मुलीने विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"त्यांनाच विचार. ते खोटं नाही बोलत."

सोमवारी फोटोबाई ट्रंक, गादीची वळकटी आणि एक स्टोव्ह व्हॅनच्या टपावर टाकून खाली गेली. कॅशियरने सामान चढवायला हात लावला. तिने त्याला सांगितलं, उद्यापासून सीट तुमची. त्याने आभार मानले की नाही हे तिने ऐकलं नाही. चौदाव्या दगडापर्यंत तिने डोळे उघडे ठेवले आणि तीनदा ओकली. मोठ्या बाईंच्या टेबलावरून किल्ली उचलताना तिच्या हाताला लिंबाचा वास येत होता.

क्वार्टरच्या दोन खोल्यांत तिला पहिले काही दिवस काय करावं ते समजेना. साडेपाचला काम सुटे आणि पाच वाजून एकतीस मिनिटांनी ती घरी असे. समोर अख्खी संध्याकाळ पडलेली. ती ओट्यावर बसे आणि खेकसायला कोणी सापडतं का बघे. एक महिन्याने दवाखान्यात लोक म्हणायला लागले, बाईंची तब्येत बरी नाही वाटतं, आज ओरडल्या नाहीत. तिच्या कानावर ते आलं तेव्हा ती ओरडली. बरं वाटलं सगळ्यांना.

ओव्हरसियरने दीड महिना वाट पाहिली. तो वाट बघण्यात हुशार होता. राग उतरला की येईल, म्हणून त्याने शेजाऱ्यांनाही सांगून ठेवलं होतं. मग मुलीने त्याला फोन करून काहीतरी विचारलं असावं, कारण त्यानंतर तो शेजाऱ्यांत फारसा मिसळेनासा झाला. एका रविवारी खात्याची जीप नव्हती, व्हॅनला सुट्टी होती, स्कूटरवर घाट उतरायची त्याची छाती नव्हती, म्हणून तो बसने निघाला. शेवटच्या बाकावर, चाकाच्या वर जागा मिळाली.

अकराच्या सुमारास क्वार्टरचं दार वाजलं. फोटोबाईने दार उघडलं. ओव्हरसियर चौकट धरून उभा होता. केस कपाळाला चिकटलेले, तोंड हिरवट, शर्टाच्या पुढच्या भागावर ओला डाग, रुमाल ओठांवर दाबलेला. अशा तोंडाने माणूस दारात उभा राहिला की कसा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. तिने ते आजवर फक्त आतून अनुभवलं होतं.

"अगं," तो रुमालाआडून म्हणाला, "केवढं लांब आहे हे!"

फोटोबाईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"तेवीस," ती म्हणाली. "दगडावर लिहिलंय."

आणि त्याला दारात तसाच उभा ठेवून ती लिंबू आणायला आत गेली.